रोजची वाढ

कोंबडीच्या बाबतीत माझा अभ्यास ताटापलीकडे कधी गेला नव्हता, आणि ताटातही तंगडी कोणाच्या वाट्याला जाते एवढ्यापुरतंच मी लक्ष घालत असे. एकतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे लोकांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं आणि त्यातल्या चुका लाल शाईने दाखवायच्या. हे काम चोख केलं तर कोणाला पत्ता लागत नाही आणि चुकलं तर गावभर होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शेवटी शुद्धिपत्र जोडावं लागलं नाही, ही माझ्या आयुष्यातली मिरवण्यासारखी एकमेव गोष्ट, आणि ती मी मिरवतो. गल्लीत मला पाठीमागे 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणतात हे मला ठाऊक आहे. शेजारचे दातांचे डॉक्टर तोंडावरच म्हणतात.

अशा माणसाने चाळीस कोंबड्या का पाळाव्या? लेकीमुळे. तिने चांगली चालू नोकरी सोडून सहा टेबलांचं खाणावळवजा हॉटेल काढायचं ठरवलं होतं. जागा घेऊन झाली, भिंती रंगवून झाल्या, आणि दारावर दोन फुटी अक्षरांत 'जैविक कोंबडी' असं लिहूनही झालं. जैविक म्हणजे रसायनांशिवाय पोसलेली, आणि तसं प्रमाणपत्र लागतं. पाटी रंगवणाऱ्याच्या शिडीखाली मी स्वतः उभा होतो. पहिली वेलांटी आली नव्हती तोवर त्याला खाली उतरू दिलं नाही. पाटीवर अक्षरं सुकतात न सुकतात तोच, ज्याच्याकडून कोंबड्या यायच्या होत्या त्या गृहस्थाने धंदा बंद करून फुलझाडं लावायला घेतली. जवळपास दुसरा कोणी नव्हता. उद्घाटन तेरा आठवड्यांवर आलं होतं.

"बाबा, पहिल्या वेळेपुरतं कोंबड्यांचं तुम्ही बघाल?" लेक म्हणाली.

आता खरं सांगतो. त्या पोरीच्या लहानपणापासून तिला सायकल शिकवली ती तिच्या आईने, गणित शिकवलं ते तिच्या मामाने, आणि मी काय केलं तर तिच्या निबंधांतल्या चुका काढल्या. निबंध सोडून माझ्याकडे ती कधी काही मागायला आली नव्हती. मी "हो" म्हणालो. स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "अहो, तुम्हाला घरातलं झुरळ मारता येत नाही." मी म्हटलं, "झुरळाला प्रमाणपत्र लागत नाही. इथे कागदपत्रं आहेत. कागदपत्रं हा माझा प्रांत आहे." हे वाक्य तिने लक्षात ठेवलं. बायका अशी वाक्यं लक्षात ठेवतात.

पहिला प्रश्न जागेचा. प्रमाणपत्राच्या नियमपुस्तिकेप्रमाणे प्रत्येक कोंबडीला हिंडायला चार चौरस मीटर मोकळी जमीन हवी. माझ्या अख्ख्या नोकरीत मला तेवढी जागा मिळाली नव्हती, पण ते असो. आमच्या मागच्या अंगणाला लागून दातांच्या डॉक्टरांचा रिकामा प्लॉट आहे. तो त्यांनी उदार मनाने दिला, आणि त्याबरोबर सल्लेही दिले. जागा परत करता आली असती, सल्ले परत करता येत नाहीत.

दुसरा प्रश्न कोंबडीच्या जातीचा. यात मुळात दोन पंथ आहेत. एका पंथाची कोंबडी सहा आठवड्यांत दोन-अडीच किलो होते. ती खाते, बसते, बसल्याबसल्या खाते, आणि शेवटी अंग एवढं होतं की पाय तिला ओळख दाखवत नाहीत. दुसरी सावकाश वाढणारी. तिला बारा आठवडे लागतात, पण ती हिंडते, उकरते, किडे शोधते, उडून कुंपणावर बसते आणि तिथून आपल्याकडे तुच्छतेने बघते. जैविक प्रमाणपत्राला ही दुसरीच लागते. मला ती लगेच पटली. मी स्वतः त्याच पंथातला आहे. माझी उंची वाढेल अशी आशा माझ्या आईला मी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत होती.

डॉक्टरांना मात्र ते अजिबात पटलं नाही. "अहो ऱ्हस्वदीर्घ, मी दाढ पाच मिनिटांत काढतो. तीच बारा आठवडे काढत बसलो तर पेशंट मला काय म्हणेल? भरभर वाढणारी घ्या. तुमच्या ह्या कोंबड्या बारा आठवड्यांत काय, बारा वर्षांतही वजन धरायच्या नाहीत. लिहून देतो."

"द्या लिहून," मी म्हणालो. कोणीही काहीही लिहून देतो म्हटलं की माझ्या तोंडून हे आपोआप निघतं. पुढे याचं काय झालं ते सांगेनच.

पिल्लं खोक्यातून आली. चाळीस होती, तिसऱ्या दिवशी एक गेलं, एकोणचाळीस उरली. आता वाचकांना वाटेल की माझा त्यांच्यावर जीव जडला असेल, एखादीचं नाव ठेवलं असेल. छे! एकीने पहिल्याच आठवड्यात माझ्या चष्म्याच्या दोरीवर चोच मारली आणि दुसरीने कानावर. आमचे संबंध शेवटपर्यंत कामापुरते राहिले.

खाद्य हा तिसरा प्रश्न, आणि तो दिवसातून दोनदा येई. मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, सूर्यफुलाची पेंड, शिंपल्यांचा चुरा, आणि हे सगळं जैविक. पोत्यावर चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर क्रमांक हवा, क्रमांक आमच्या वहीत हवा. खाद्यवाला म्हणाला, "साहेब, जैविकच आहे, मी सांगतोय ना." मी म्हटलं, "लेखी द्या." त्याने दिलं. त्यात त्याने 'जैवीक' लिहिलं होतं. मी ते दुरुस्त करून त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतलं, आणि तेव्हापासून मी दुकानात शिरलो की तो मागच्या दाराने जेवायला जाऊ लागला.

चौथ्या आठवड्यात पिल्लं एकमेकांच्या शेपट्या उपटायला लागली. कारण असं कळलं की साध्या खाद्यात कारखान्यातली एक पूड घालतात, तिच्याने पिसं नीट येतात. जैविक खाद्यात ती चालत नाही, म्हणून डाळवर्गातली प्रथिनं वाढवावी लागतात. मी अख्खं सोयाबीन आणलं. तर कळलं, ते कच्चं चालत नाही, भाजून द्यावं लागतं. मी हिची मोठी कढई घेतली. दहा किलो सोयाबीन एका दमात भाजू नये हे मला कोणी सांगितलं नव्हतं. धूर पाहून समोरच्या बिऱ्हाडाने पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. कढई पुढे खुराड्यात पाण्यासाठी वापरली, कारण घरात तिला परत घ्यायला ही तयार नव्हती. मलाही दोन दिवस फार उत्साहाने घेतलं नाही.

त्यात डॉक्टरांच्या मिसेस रोज सकाळी कुंपणावरून शिळा पाव टाकायच्या. पाव प्रेमाचा होता, पण जैविक नव्हता. मी फळा लावला: 'कुक्कुटांस अनधिकृत खाद्य देण्यास सक्त मनाई आहे.' दुसऱ्या दिवशी त्या पाव टाकता टाकता मला विचारत होत्या, "भाऊ, हे कुक्कुट कोण? नवीन राहायला आलेत का?" शेवटी लेकीने तो फळा काढून 'कोंबड्यांना काही टाकू नका' असा दुसरा लावला आणि पाव थांबला. माझा फळा मी कपाटावर ठेवला आहे. भाषा म्हणून तो उत्तम आहे.

आता वहीकडे येतो. प्रमाणपत्राच्या कचेरीने एक छापील वही दिली होती. रोज भरायची आणि दर आठवड्याला तिची नक्कल पाठवायची. रकाने असे: तारीख, पक्ष्यांची संख्या, खाद्याचा प्रकार, रोजची वाढ (प्रति पक्षी, ग्रॅम), शेरा. चौथा रकाना लक्षात ठेवा. खाद्याच्या प्रकाराला लागूनच 'रोजची वाढ' म्हटल्यावर, कोणत्याही समंजस माणसाला जो अर्थ लागेल तोच मला लागला: रोज किती वाढलं? म्हणजे वाटीने, डावाने, पुढ्यात किती घातलं? मनात एकदा आलं होतं, की इथे 'वाढप' हवं, 'वाढ' हे चुकीचं आहे. लाल पेन हातातही घेतलं होतं. मग म्हटलं, जाऊ दे, कचेरीतली माणसं आहेत, त्यांना कुठला एवढा बारकावा. एकतीस वर्षांत मी दुसऱ्याची चूक सोडून दिली ती ही एकदाच, आणि ती चूक नव्हती.

मी वही मनापासून भरली. पहिल्या आठवड्यात रोजची वाढ पंधरा ग्रॅम. चौथ्यात पन्नास. आठव्यात नव्वद. अक्षर इतकं सुवाच्य, की पाहत राहावं.

नवव्या आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. 'आपल्या पक्ष्यांची वाढ असाधारण आहे. ती सावकाश वाढणाऱ्या जातीशी सुसंगत नाही. खुलासा करावा.'

मला वाईट वाटलं. त्याहून राग आला. दुसऱ्याच्या घरात किती वाढतात यावर बोट ठेवायचं म्हणजे काय! मी उलट टपाली लिहिलं: 'पोटभर वाढणे हा आमच्या घरचा रिवाज आहे. वाढ माझ्या पत्नीच्या हातात असून तिने आजवर कधी हात आखडता घेतलेला नाही. आपल्या पत्रामुळे वाढ कमी केली जाणार नाही, ही नम्र विनंती.' 'नम्र विनंती' तिथे बसत नाही हे मलाही कळत होतं, पण राग आला की माझ्या हातून सभ्यता जास्तच होते.

दुसरं पत्र चार दिवसांत आलं. यावर दोन सह्या होत्या. 'वाढीसाठी नेमके काय वापरता, आणि वाढ कोणाच्या देखरेखीखाली होते, ते तात्काळ कळवावे.'

मी कळवलं: 'वाढीसाठी एक पितळी डाव व पत्र्याची पाटी. वाढ सोमवार ते शनिवार पत्नीच्या देखरेखीखाली होते, रविवारी माझ्या. रविवारी थोडी सांडलवंड होते, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.'

यावर पत्र आलं नाही. अकराव्या आठवड्यात माणसंच आली.

एक तपासनीसबाई होत्या, वयाने माझ्या लेकीएवढ्या पण चेहऱ्याने माझ्या मुख्याध्यापकांएवढ्या. बरोबर दोन मदतनीस, हातमोजे, नमुन्यांच्या बाटल्या, आणि धान्याची पोती मोजतात तसला भला मोठा वजनकाटा. काटा उतरवताना त्यांनी विचारलं, "पक्षी धरायला किती माणसं लागतील?"

"एक," मी म्हणालो. "पण ते पळणारं हवं."

लेकही कामं टाकून आली होती. उद्घाटनाची पत्रकं वाटून झाली होती. ती कुंपणाला धरून उभी राहिली, आणि काय पणाला लागलंय ते मला पहिल्यांदा दिसलं. प्रमाणपत्र मिळालं नाही, तर 'जैविक' हा शब्द खोटा ठरणार होता, आणि तो तिच्या दारावर दोन फुटी होता.

सावकाश वाढणारी कोंबडी सावकाश पळत नाही, हे एका मदतनिसाला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याला कढईतल्या पाण्यात पाय गेल्यावर कळलं. वीस मिनिटांनी एक कोंबडी काट्यावर आली. एवढ्या थोरल्या काट्यावर ती अशी दिसत होती, की रिकाम्या नाट्यगृहात एकटाच प्रेक्षक बसावा.

"एक किलो नऊशे," बाई म्हणाल्या. वहीची पानं उलटली. बोटाने बेरीज केली. पुन्हा केली. "काका, तुमच्या नोंदींप्रमाणे ही आज पाच किलो दोनशे ग्रॅमची असायला हवी."

"कोण?"

"ही."

मी कोंबडीकडे पाहिलं. तिलाही ते नवीन दिसलं.

"उरलेले तीन किलो तीनशे ग्रॅम कुठे आहेत?"

मी पुस्तकातली हरवलेली वाक्यं शोधली आहेत, ओळी शोधल्या आहेत, एकदा एक अख्खं प्रकरण शोधलं आहे. पण कोंबडीतली तीन किलो कोंबडी कुठे गेली याचा जाब मला आजवर कोणी विचारला नव्हता. "बाई, आम्ही आहे तेवढीच पाळली," असं काहीतरी मी बोललो.

"मग दोनच शक्यता राहतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "एक तर पहिले पक्षी भरभर वाढणारे होते आणि ते बदलून तुम्ही हे आणून ठेवलेत. किंवा नोंदी खोट्या आहेत. दोन्हींत प्रमाणपत्र देता येत नाही."

खोट्या! हातात वही धरून कोणी मला खोटा म्हणेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लेक पुढे झाली. "मॅडम, माझे बाबा खोटं लिहीत नाहीत. त्यांना स्वल्पविराम चुकला तरी झोप लागत नाही." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ती जमीन डॉक्टरांची होती.

एवढ्यात मागच्या दारातून आमची ही आली. एका हातात पत्र्याची पाटी, दुसऱ्या हातात पितळी डाव.

"जरा बाजूला व्हा हो सगळे," ती म्हणाली. "चार वाजले. मला वाढायचंय."

तपासनीसबाईंनी मान वर केली. "काय करायचंय?"

"वाढायचंय. उशीर झाला की त्या माझ्या पायांवर चढतात." आणि तिने एका ओळीत, डावाने, सगळ्यांना समसमान वाढलं. काट्यावरचीही उडी मारून आली, आणि एकोणचाळीस चोची एकदम खाली गेल्या.

"काकू, एकेकीला साधारण किती वाढलंत?"

"सकाळ-संध्याकाळ मिळून एकशे दहा ग्रॅम. अहो, यांनीच ठरवून दिलंय. रोज लिहितात सुद्धा."

बाईंनी चौथा रकाना पाहिला. शेवटची नोंद: एकशे दहा. मग हातातल्या फायलीतून त्यांनी माझी दोन पत्रं काढली आणि ती पुन्हा वाचायला सुरुवात केली. 'हात आखडता' इथपर्यंत त्या गंभीर होत्या. 'सांडलवंड' आली तेव्हा त्यांनी फाईल तोंडावर धरली आणि पाठ फिरवली. खांदे हलत होते. मदतनीस घाबरले. त्यांनी बाईंना असं हलताना कधी पाहिलं नसावं.

मला कळायला पाच-सहा सेकंद जास्त लागले. मग कळलं. वाढ. वाढणे. कोंबडीचं वाढणं. अरे देवा! तो माझा आयुष्यातला सगळ्यांत लांब विराम होता.

"काका, तुमचं खोटं नव्हतं एवढं कळलं," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "पण मला खरी वाढ लागेल. दर आठवड्याला वजन केलंय का कोणी? त्याशिवाय ही सावकाश वाढणारी जात आहे असं मी लिहू शकत नाही."

कोणीच केलं नव्हतं. मी वजन कशाला करतोय? मी वाढत होतो!

"ते माझ्याकडे आहे," कुंपणापलीकडून आवाज आला.

दातांचे डॉक्टर. हातात गुलाबी कार्डांचा गठ्ठा. तोच, ज्यावर ते पेशंटची पुढची तारीख लिहितात. "दर रविवारी दुपारी हे ऱ्हस्वदीर्घ झोपले की पाच कोंबड्या धरून मी वजन करायचो," ते जराही न लाजता म्हणाले. "मी यांना सांगितलं होतं, ह्या कोंबड्या वजन धरणार नाहीत, लिहून देतो. हे म्हणाले, द्या लिहून. तर हे लिहिलंय. बघा, अकरा आठवडे. रोजचे सरासरी चोवीस ग्रॅम. चोवीस! याला काय वाढ म्हणायचं का? माझ्याकडच्या जुन्या पेशंटच्या हिरड्या याहून लवकर वाढतात."

मला हरवण्यासाठी त्या माणसाने अकरा रविवारांची झोप सोडली होती. तपासनीसबाईंनी प्रत्येक कार्ड पाहिलं, तारखा ताडल्या, आणखी चार कोंबड्यांची वजनं केली आणि म्हणाल्या, "उत्तम. सावकाश वाढणारी, याहून चांगला पुरावा असू शकत नाही." डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपण जिंकलो की हरलो हे त्यांना नक्की कळेना. मला मात्र त्यांना मिठी मारावीशी वाटली. कुंपण मध्ये होतं म्हणून वाचले.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "वहीत खाडाखोड चालत नाही. तुम्हाला शुद्धिपत्र जोडावं लागेल."

हा शब्द माझ्यासाठी काय होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ही डाव हातात धरून थबकली. लेक म्हणाली, "बाबा, मी लिहू का?" मी म्हटलं, "नको. चूक माझी आहे." आणि खुराड्याच्या पायरीवर बसून, एकतीस वर्षं आणि अकरा आठवड्यांनी, मी माझं पहिलं शुद्धिपत्र लिहिलं. गुलाबी कार्डांवरचे आकडे उतरवले, आणि वर एक ओळ, कारण दुसरं काय लिहिणार होतो?

'सर्व पानांवर, "वाढ" ऐवजी "वाढ" असे वाचावे.'

प्रमाणपत्र उद्घाटनाच्या आदल्या सकाळी आलं. जाड कागद, ठसठशीत शिक्का, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत: 'दैविक कुक्कुटपालन प्रमाणपत्र'.

मी पुन्हा वाचलं. दैविक. शिक्क्यासकट दैविक. ही माझ्या खिशाकडे बघत होती, आणि लेक माझ्या चेहऱ्याकडे. परत पाठवलं असतं, तर दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे लागले असते. लाल पेन बाहेर आलं होतं, टोपण निघालं होतं. मी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"फ्रेम कुठली आणली आहेस?" मी लेकीला विचारलं. तिने माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. निबंधांवर तिला मी दहापैकी नऊपेक्षा जास्त कधी दिले नव्हते, हे मला उगाचच आठवलं आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहाही टेबलं भरली. पहिल्या टेबलावर दातांचे डॉक्टर, मिसेससह. लेक आतून म्हणाली, "बाबा, पहिली प्लेट तुम्ही वाढा." ही मागून म्हणाली, "ग्रॅममध्ये लिहून ठेवा हं." मी दुर्लक्ष केलं.

डॉक्टरांनी पहिला घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मी ट्रे धरून उभा होतो. भिंतीवरच्या 'दैविक'कडे त्यांचं लक्ष गेलं होतं, हे मला दिसत होतं. तरी ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. भला माणूस आहे.

"चावायला लागते," ते शेवटी म्हणाले. "चांगलंय. दातांना काम हवंच." आणि प्लेट पुढे केली. "अजून थोडं वाढा."

"किती वाढू?"

"हात आखडता घेऊ नका."

मी भरपूर वाढलं, आणि नोंद केली नाही.